स्वभाव हे दैव नव्हे

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या मराठी घरांत, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, सहजपणे उच्चारली जाते. तापट पतीची पत्नी याच म्हणीने स्वतःची समजूत घालते. कृपण पित्याची मुले याच म्हणीच्या आधाराने आपली गाऱ्हाणी गिळून टाकतात. विवाहाच्या बोलण्यांतही ‘मुलगा जरा रागीट आहे, पण मनाचा निर्मळ आहे’ असे सांगून एक मोठा प्रश्न लहान करून टाकला जातो. सर्वांत विशेष म्हणजे, ज्याच्या वागण्याने इतरांना त्रास होतो तोच मनुष्य शांतपणे म्हणतो, ‘काय करणार, माझा स्वभावच असा आहे.’

या छोट्याशा वाक्यात दोन स्वतंत्र दावे दडलेले आहेत. पहिला असा की, माझा स्वभाव मी निवडलेला नाही. तो मला जन्मतःच मिळाला. दुसरा असा की, म्हणून त्या स्वभावातून घडणाऱ्या कृत्यांची जबाबदारी माझ्यावर येत नाही. पहिला दावा पुष्कळ अंशी खरा आहे आणि इस्लामने तो कधी नाकारलेला नाही. दुसरा दावा मात्र खोटा आहे. मनुष्याचे स्वातंत्र्य, त्याचे चारित्र्य आणि परलोकातील त्याचा हिशेब, हे सर्व या दोन दाव्यांमधील अंतरावर उभे आहे. ते अंतर आपण नीट समजून घेतले पाहिजे.

जन्मजात प्रवृत्तींचा स्वीकार

दिव्य कुरआन मनुष्याचे जे चित्र रेखाटतो ते कल्पनारम्य नाही. मनुष्य दुर्बल निर्माण केला गेला आहे (सूरह अन-निसा, ४:२८), उतावळेपणा त्याच्या घडणीतच आहे (सूरह अल-अंबिया, २१:३७), तो अधीर मनाचा आहे, संकट आले की आक्रोश करतो आणि सुबत्ता आली की हात आखडता घेतो (सूरह अल-मआरिज, ७०:१९-२१), असे कुरआन स्पष्टपणे सांगतो. भीती, लोभ, घाई, वासना आणि क्रोध या गोष्टी आपल्यात बाहेरून शिरलेल्या नाहीत. ज्याने आपल्याला निर्माण केले त्यानेच त्यांचे बीज आपल्यात ठेवले आहे, आणि त्यामागे प्रयोजन आहे. भूक नसती तर शरीर टिकले नसते. क्रोध नसता तर अन्यायाविरुद्ध कोणी उभा राहिला नसता. आपल्या लेकरांविषयी ओढ नसती तर मानववंश पुढे चालला नसता.

शिवाय सर्व मनुष्ये एकाच साच्यातून काढलेली नाहीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माणसांना सोन्या-चांदीच्या खाणींची उपमा दिली आणि अज्ञानकाळात जे उत्तम होते ते धर्माची जाण आल्यावर इस्लाममध्येही उत्तम ठरतात, असे सांगितले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. खाणीखाणीतील धातू निराळा असतो. परंतु कोणत्याही खाणीतून घडवलेला दागिना बाहेर येत नाही. धातू मिळतो, तो घडवावा लागतो.

याच संदर्भात अब्दुल कैस टोळीच्या शिष्टमंडळाचा प्रसंग लक्षात घेण्यासारखा आहे. पूर्व अरबस्तानातून ही मंडळी मदीनेस आली तेव्हा बहुतेक जण उत्कंठेने प्रेषितांच्या भेटीस धावले. त्यांचा प्रमुख अशज्ज मात्र मागे थांबला. त्याने सामानाची व्यवस्था लावली, स्वच्छ वस्त्रे परिधान केली आणि मग शांतपणे भेटीस आला. प्रेषितांनी (स.) त्याला सांगितले की, तुझ्यात दोन गुण आहेत जे अल्लाहला प्रिय आहेत: सहनशीलता आणि सबुरी. यावर अशज्जने फार मार्मिक प्रश्न विचारला: हे गुण मी स्वतः मिळवले, की अल्लाहने मला त्यांच्यासह निर्माण केले? उत्तर मिळाले की, अल्लाहने तुला त्यांच्यासह निर्माण केले. तेव्हा अशज्जने अल्लाहची स्तुती केली.

या प्रसंगातून दोन गोष्टी कळतात. काही माणसांना काही सद्गुण जन्मतःच लाभतात, ही वस्तुस्थिती प्रेषितांनी मान्य केली. दुसरी गोष्ट अशज्जच्या प्रतिक्रियेत आहे. आपला गुण जन्मजात आहे हे कळल्यावर तो गर्वाने फुलला नाही. त्याने उपकार मानले. ज्याचा स्वभाव मुळातच शांत आहे, त्याने तापट माणसाकडे तुच्छतेने पाहू नये, हाही यातील बोध आहे. जे आयते मिळाले त्याचा अभिमान कसला? त्याबद्दल कृतज्ञता तेवढी शोभते.

आज विज्ञानही मान्य करते की, माणसामाणसांच्या स्वभावभेदांत आनुवंशिकतेचा काही वाटा असतो. श्रद्धावंताला या गोष्टीने बिचकण्याचे कारण नाही. खाणीचा धातू कसा तयार झाला, एवढेच विज्ञान सांगते. त्या धातूचे काय करायचे, हा प्रश्न नंतरही शिल्लक राहतो.

‘याला अपवाद’

आता सूरह अल-मआरिजकडे पुन्हा वळू. मनुष्य अधीर निर्माण केला गेला, असे सांगून कुरआन तेथेच थांबला असता तर ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण खरी ठरली असती. परंतु लगेच पुढच्या आयतीत अपवाद सांगितला जातो. या अधीरतेपासून कोण सुटतात? जे नमाजी आहेत, आपल्या नमाजेत सातत्य राखतात, ज्यांच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा ठरावीक वाटा असतो, जे निवाड्याच्या दिवसाला सत्य मानतात, आपल्या शीलाचे रक्षण करतात, ठेव आणि वचन सांभाळतात, साक्षीवर ठाम राहतात (७०:२२-३४).

या यादीची रचना पाहा. अधीरता हा उपजत दोष सांगितला; त्यावर उपाय म्हणून दुसरा एखादा उपजत गुण सांगितला नाही. जन्मतः धीर धरणारे लोक सुटतात, असे कुरआन म्हणत नाही. उपाय म्हणून कृत्ये सांगितली आहेत, आणि तीही वारंवार करावयाची. नमाज दिवसातून पाच वेळा येते. वंचिताचा वाटा ‘ठरावीक’ आहे, म्हणजे मनाच्या लहरीवर सोडलेला नाही. संकटात आक्रोश करणाऱ्याला नमाज थांबायला शिकवते. सुबत्तेत हात आखडणाऱ्याला ठरावीक दान हात उघडायला लावते. रोग जसा सांगितला तसेच औषधही नेमके सांगितले. अल्लाहने असा कोणताही रोग उतरवलेला नाही की ज्याचा उपाय उतरवलेला नाही, हे प्रेषितवचन आपण शरीराच्या आजारांसाठी नेहमी सांगतो. स्वभावाच्या आजाराला त्यातून का वगळावे?

सूरह अश-शम्समध्ये तर हीच गोष्ट शपथांच्या मालिकेनंतर येते. सूर्य, चंद्र, दिवस, रात्र, आकाश आणि धरती यांच्या शपथा घेतल्यानंतर मानवी मनाची शपथ घेतली जाते आणि सांगितले जाते की, त्या मनाला दुराचाराची व सदाचाराची दोन्हींची जाणीव दिली गेली. ज्याने ते निर्मळ केले तो यशस्वी झाला आणि ज्याने ते दडपले तो विफल ठरला (९१:७-१०). यश मनाच्या मूळ घडणीला जोडलेले नाही. ते ‘निर्मळ करण्याच्या’ क्रियेला जोडलेले आहे, आणि त्या क्रियेचा कर्ता मनुष्य आहे.

राग खरोखर आंधळा असतो का?

कोणी म्हणेल, हे सिद्धान्त ठीक आहेत. परंतु राग आला की भानच राहत नाही, मग स्वातंत्र्य कुठले? यावर थोडे प्रामाणिकपणे आत्मपरीक्षण करू.

जो मनुष्य घरी चहा थंड मिळाला म्हणून पत्नीवर ओरडतो, तोच कार्यालयात साहेबांनी चारचौघांत अपमान केला तरी मान खाली घालून उभा राहतो. दुकानात मोठ्या गिऱ्हाइकाने मालात खोट काढली तर हसून ऐकून घेतो आणि ते गिऱ्हाईक जाताच नोकराच्या अंगावर जातो. राग जर खरोखरच आवरता येत नसता, तर तो साहेबांसमोरही आवरला नसता. पाणी उताराकडे वाहते तसा हा राग नेहमी दुबळ्याकडेच वाहतो. म्हणजे त्याला समोरचा मनुष्य कोण आहे हे चांगले दिसते. ज्याला आपण विवशता म्हणतो ती पुष्कळदा निवड असते. फक्त ती इतक्या वेळा केलेली असते की आता निवड वाटत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वागणे याच्या अगदी उलट होते. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे त्यांची सेवा केली. त्या काळात प्रेषितांनी आपल्याला कधी ‘उफ्’सुद्धा म्हटले नाही, अशी त्यांची साक्ष आहे. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, प्रेषितांनी कधी कोणत्याही स्त्रीवर वा सेवकावर हात उचलला नाही. चारित्र्याची खरी कसोटी जेथे आपले चालते तेथे लागते, हे या दोन साक्षींवरून कळते. एक साक्ष सेवकाची आहे, दुसरी पत्नीची.

म्हणूनच कुस्तीत दुसऱ्याला चीत करणारा बलवान नसून रागाच्या क्षणी स्वतःवर ताबा ठेवणारा बलवान आहे, असे प्रेषितांनी सांगितले. राग येऊच नये, अशी अपेक्षा या वचनात नाही. सूरह आले-इमरानमध्ये (३:१३४) ज्यांची प्रशंसा झाली तेदेखील राग गिळणारे आहेत. जो आलाच नाही तो राग गिळणार कसा? राग येणे हे धातूचे लक्षण झाले. तो गिळणे हे घडणीचे लक्षण होय.

इब्लीस आणि आदम

जबाबदारी स्वभावावर ढकलण्याची ही सवय किती जुनी आहे? कुरआनच्या सांगण्याप्रमाणे ती मानवजातीच्या आरंभाइतकी जुनी आहे. सूरह अल-आराफमध्ये दोन अवज्ञांची कथा येते. इब्लीसने आज्ञा मोडली. कारण विचारले असता त्याने आपल्या घडणीचा हवाला दिला: मी अग्नीपासून निर्माण झालो आणि आदम मातीपासून. पुढे तर त्याने आपल्या मार्गभ्रष्टतेचा दोष थेट अल्लाहवरच ठेवला (७:१२-१६). आदम आणि त्यांच्या पत्नीकडूनही चूक घडली. परंतु त्यांनी मातीचा हवाला दिला नाही, परिस्थितीचा दिला नाही, फसवणाऱ्याचाही दिला नाही. आम्ही स्वतःच स्वतःवर अन्याय केला, असे म्हणून त्यांनी क्षमा मागितली (७:२३).

चूक दोघांकडून झाली. एक कायमचा दूर झाला आणि दुसऱ्याची तौबा स्वीकारली गेली. फरक कुठे पडला? एकाने आपली घडण ही सबब केली, दुसऱ्याने आपले कृत्य स्वतःचे मानले. ‘माझा स्वभावच असा आहे’ हे वाक्य या दोघांपैकी कोणाच्या भाषेशी जुळते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

या कथेचा शेवटही कुरआनात आहे. निवाडा झाल्यावर शैतान आपल्या अनुयायांना सांगेल की, तुमच्यावर माझी कसलीही सत्ता नव्हती. मी फक्त बोलावले आणि तुम्ही आलात, म्हणून मला दोष देऊ नका, स्वतःला द्या (सूरह इब्राहीम, १४:२२). ज्याच्या माथी सारा दोष मारून आपण मोकळे होऊ पाहतो, तोच त्या दिवशी आपल्या स्वातंत्र्याची साक्ष देईल. याहून मोठी नामुष्की कोणती?

मग नियतीचे काय?

येथे एक जुना प्रश्न उभा राहतो. सर्व काही अल्लाहच्या ज्ञानात आणि लेखात असेल तर मनुष्याच्या निवडीला अर्थ काय? इस्लामच्या इतिहासात या प्रश्नावर दोन टोके गाठली गेली. जबरिया विचाराने मनुष्याला वाऱ्यावर उडणाऱ्या पानासारखे विवश मानले. कदरिया विचाराने नियतीलाच नाकारले. बहुसंख्य विद्वानांनी दोन्ही टोके टाळली आणि अल्लाहची सर्वव्यापी सत्ता व मनुष्याची जबाबदारी दोन्ही एकत्र मान्य केल्या.

हा प्रश्न सहाबांनाही पडला होता. मदीनेतील बकी कब्रस्तानात एका दफनविधीच्या वेळी प्रेषितांनी (स.) सांगितले की, प्रत्येकाचे स्थान लिहिलेले आहे. तेव्हा विचारले गेले, मग आम्ही त्या लेखावर विसंबून कर्म सोडून द्यावे काय? प्रेषितांनी उत्तर दिले की, कर्म करीत राहा. ज्याला ज्यासाठी निर्माण केले आहे ते त्याला सुलभ केले जाते. त्यानंतर त्यांनी सूरह अल-लैलच्या आयती पठण केल्या. त्यांचा आशय असा की, जो देतो, अल्लाहचे भय बाळगतो आणि सत्याला सत्य मानतो त्याच्यासाठी सोपी वाट सुलभ केली जाते. जो कृपणता करतो आणि बेपर्वा होतो त्याच्यासाठी कठीण वाट (९२:५-१०). क्रम पाहण्याजोगा आहे. आधी मनुष्याचे पाऊल, मग त्या दिशेची वाट सुलभ होणे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत शामच्या प्रदेशात प्लेगची साथ पसरली. उमर (रजि.) तिकडे निघाले होते. वाटेत सर्ग येथे बातमी कळताच विचारविनिमय करून त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या नियतीपासून पळता काय? उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते की, होय, अल्लाहच्या एका नियतीकडून अल्लाहच्या दुसऱ्या नियतीकडे. मग त्यांनी दृष्टान्त दिला: तुमचे उंट एका खोऱ्यात उतरले, ज्याची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड आहे, तुम्ही हिरव्या बाजूला चारा किंवा उजाड बाजूला, दोन्ही अल्लाहच्या नियतीनेच होईल. खोरे आपण निर्माण केलेले नाही, हे खरे. परंतु उंट कुठे चारायचे, हे तर आपल्या हाती आहे! स्वभाव हेही असेच एक खोरे आहे.

चारित्र्य घडते कसे?

इमाम गझाली (रह.), ज्यांचे निधन हिजरी ५०५ म्हणजे सन ११११ मध्ये झाले, त्यांनी ‘इहया उलूमुद्दीन’मध्ये मनाच्या शिस्तीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. स्वभाव बदलता येत नाही म्हणणाऱ्यांना ते विचारतात की, तसे असेल तर उपदेश, प्रवचन आणि शिक्षण यांना अर्थ काय? पशूंचीही सवय बदलता येते; मग मनुष्याची का नाही? त्यांचा खजुराच्या बीचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. ती बी म्हणजे खजुराचे झाड नव्हे, आणि सफरचंदाचे तर नव्हेच. निगा राखली तर तिच्यापासून खजुराचे झाड होऊ शकते. सफरचंदाचे मात्र कितीही केले तरी होणार नाही. म्हणजे तापट मनुष्य प्रयत्नाने रागाचा पूर्ण नायनाट करील, अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्याचा राग योग्य जागी, योग्य मापाने आणि विवेकाच्या ताब्यात राहावा, हे साध्य आहे.

आणि ते साध्य होते कृतीने. गझाली (रह.) म्हणतात की, ज्याला सुलेखनकार व्हायचे आहे तो निष्णात सुलेखनकाराचे अक्षर पुन्हा पुन्हा गिरवतो. आरंभी ते ओढूनताणून होते, पुढे हात आपोआप वळू लागतो. तसेच ज्याला उदार व्हायचे आहे त्याने मन नको म्हणत असतानाही देत राहावे, एके दिवशी देणे सोपे होईल. हा विचार प्रेषितवचनाशी सुसंगत आहे. अन्सारांपैकी काही जणांनी प्रेषितांकडे (स.) पुन्हा पुन्हा मागितले आणि जवळचे सर्व देऊन संपले, तेव्हा त्यांनी सांगितले की, जो धीर धरण्याचा प्रयत्न करतो त्याला अल्लाह धैर्य देतो. आधी प्रयत्न, मग देणगी. मन तयार झाल्यावर सत्कृत्य करीन, असे म्हणणारा आयुष्यभर वाट पाहत बसतो.

उलट दिशेलाही हाच नियम लागू आहे. लोकांच्या कमाईमुळे त्यांच्या अंतःकरणांवर गंज चढतो, असे सूरह अल-मुतफ्फिफीन सांगते (८३:१४). हदीसनुसार एक पाप केले की अंतःकरणावर एक काळा ठिपका पडतो. तौबा केली तर पुसला जातो, पाप पुन्हा करीत राहिले तर वाढत जातो. पहिले खोटे बोलताना जीभ अडखळते. शंभरावे खोटे सहज निघते आणि मग मनुष्य म्हणतो, ‘माझा स्वभावच असा आहे.’ खरे पाहता तो स्वभाव त्याने जन्मतः आणलेला नसून स्वतःच्या हातांनी घडवलेला असतो.

सहाबांच्या जीवनात हे घडताना दिसते. हजरत अबू जर (रजि.) यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, तुझ्यात अजून अज्ञानकाळाचा अंश आहे, तुमचे सेवक तुमचे भाऊ आहेत, स्वतः खाता ते त्यांना खाऊ घाला आणि स्वतः लेवता ते त्यांना लेववा. पुढे रबजा येथे एका मनुष्याने पाहिले की, अबू जर (रजि.) आणि त्यांचा सेवक यांच्या अंगावर सारखीच वस्त्रे आहेत. त्याने कारण विचारले, तेव्हा अबू जर (रजि.) यांनी हा प्रसंग सांगितला. एका उपदेशाचे त्यांनी असे रोजच्या पेहरावात रूपांतर केले होते.

हजरत उमर (रजि.) यांचा करारीपणा सर्वश्रुत आहे. ते खलीफा असताना उयैना बिन हिस्न नावाचा सरदार त्यांच्या दरबारात आला आणि तोंडावर म्हणाला की, तुम्ही आम्हाला पुरेसे देत नाही व न्यायाने वागत नाही. उमर (रजि.) संतापले, शिक्षा करण्याच्या बेतात होते. तेवढ्यात उयैनाचा पुतण्या हुर्र बिन कैस याने सूरह अल-आराफमधील ती आयत म्हटली, ज्यात क्षमा स्वीकारण्याची आणि अडाण्यांशी वाद न घालण्याची आज्ञा आहे (७:१९९). हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात की, आयत ऐकताच उमर (रजि.) तिथल्या तिथे थांबले, अल्लाहच्या ग्रंथापुढे थांबणे ही त्यांची रीतच होती. सत्ता हाती, अपमान समोर आणि संताप अंगात. तरीही ते थांबले. त्यांचा धातू तोच राहिला होता, घडण बदलली होती.

आणि मृदू स्वभावाचे हजरत अबू बक्र (रजि.)? प्रेषितांच्या निधनानंतर काही टोळ्यांनी जकात देण्यास नकार दिला, तेव्हा कठोर उमर (रजि.) साशंक होते आणि मृदू अबू बक्र (रजि.) पर्वतासारखे ठाम उभे राहिले. मृदू मनुष्याला कर्तव्यासाठी ठाम व्हावे लागते आणि कठोर मनुष्याला न्यायासाठी थांबावे लागते. मृदू स्वभाव म्हणजे आयते चारित्र्य नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. भिडस्तपणाने अन्याय मुकाट पाहणारा मनुष्यही आपल्या स्वभावाचाच गुलाम असतो.

रमजानची साक्ष

स्वातंत्र्याचा पुरावा शोधण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. आपल्या मोहल्ल्यातच पाहा. अकरा महिने ज्याला तंबाखूशिवाय तासभर चैन पडत नाही, जो म्हणतो ही सवय आता मेल्याशिवाय सुटणार नाही, तोच मनुष्य रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तंबाखूला हात लावत नाही. बंद खोलीत एकटा असतानाही पाण्याचा घोट घेत नाही. त्याचा हात कोणी धरला होता? कोणीच नाही. अल्लाह पाहत आहे, या एका जाणिवेने त्याच्या इच्छेला बळ दिले. जो हलाल पाणी दिवसभर सोडू शकतो तो हराम शब्द सोडू शकत नाही, हे कसे मानावे? रोजेदाराला कोणी शिवी दिली तर त्याने मी रोजेदार आहे असे म्हणावे, ही प्रेषितांची शिकवण याचसाठी आहे. ईदच्या दिवशी आपण रोजा सोडतो. त्याबरोबर स्वतःवरचा ताबाही सोडून देतो, ही आपली शोकांतिका आहे.

म्हणून सुरुवात लहान करावी. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म तेच जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना. राग आला की शैतानापासून अल्लाहचा आश्रय मागावा. उभे असाल तर बसावे, बसूनही शमला नाही तर आडवे व्हावे. हे प्रेषितांनी सांगितलेले उपाय किती साधे आहेत! ते राग आणि कृती यांच्यामध्ये काही क्षणांची जागा निर्माण करतात. मनुष्याचे सारे स्वातंत्र्य त्या काही क्षणांत असते.

करुणेची बाजू

एक सावधगिरीही आवश्यक आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकत नाही (सूरह अल-बकरा, २:२८६). झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि ज्याचे भान हरपले आहे तो भानावर येईपर्यंत त्याची नोंद होत नाही, असे हदीस सांगते. म्हणून ज्याला खरोखर मनाचा आजार आहे त्याला प्रवचन ऐकवून मोकळे होऊ नये. त्याला वैद्यकीय उपचार मिळवून द्यावेत. उपचार घेणे हीही प्रेषितांचीच शिकवण आहे.

तसेच जो प्रयत्न करतो, घसरतो आणि पुन्हा उठतो त्याने निराश होऊ नये. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी पुण्य आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्यावरून असा विचार मनात येतो की, ज्याचा स्वभाव मुळात तापट आहे आणि जो दर वेळी झुंज देऊन राग गिळतो, त्याचे कष्ट अल्लाहच्या दरबारी जन्मतः शांत असलेल्या माणसाच्या शांतीपेक्षा कमी कसे ठरतील? लोकांना फक्त दोघांचे वागणे दिसते. कोण किती चढ चढून तेथे पोहोचला, हे अल्लाह जाणतो.

माता-पित्यांनीही आपल्या शब्दांचा विचार करावा. प्रत्येक बालक फितरतवर, म्हणजे निर्मळ प्रकृतीवर जन्मते आणि नंतर आई-वडील त्याला घडवतात, ही हदीस आपल्याला पाठ आहे. तरीही आपण चार वर्षांच्या मुलासमोर पाहुण्यांना सांगतो, ‘हा जन्मतःच हट्टी आहे, अगदी आजोबांवर गेला आहे.’ ते मूल ऐकत असते. पुढे वीस वर्षांनी तोच मुलगा आपल्या पत्नीला सांगतो, ‘आमच्या घराण्यातच राग आहे.’ सबब वारशाने दिली जाते आणि आपण तिला रक्त म्हणतो.

बंधु-भगिनींनो, परलोकात आपल्याला हे विचारले जाणार नाही की, तुला कोणता स्वभाव मिळाला होता; तो देणाऱ्याला ठाऊकच आहे. जे मिळाले त्याचे तू काय केलेस, हे विचारले जाईल. ज्यांचे चारित्र्य साक्षात कुरआन होते ते प्रेषित (स.) स्वतः नमाजेच्या आरंभी अल्लाहकडे उत्तम आचरणाचा मार्ग मागत आणि वाईट आचरण दूर ठेवण्याची याचना करीत. त्यांनी मागितले, तर आपण किती मागावे!

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या मनावर ताबा ठेवण्याचे सामर्थ्य देवो, आपल्या घरांना आपल्या जिभेपासून व हातापासून सुरक्षित ठेवो आणि ज्याने आपली रूपे सुंदर घडवली तो आपली चारित्र्येही सुंदर घडवो. आमीन.